डी वर्गातला आवाज

केशवराव कंग्राळकरांच्या घरात वस्तू हरवत नसे. हरवायची तिची टाप नव्हती. चौतीस वर्षं माणसानं बेळगावातल्या एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये धूळ खाल्लेली. साहेबानं साठ सालचा कागद मागावा आणि कपातला चहा निवायच्या आत तो टेबलावर यावा, अशी ख्याती. आणि ही कचेरीची पद्धत त्यांनी फार पूर्वीच घरी आणली होती, मोबाइलमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये.

आता तुम्हीआम्ही मोबाइल वापरतो कसा? पोत्यासारखा. येईल ते आत कोंबायचं आणि लागलं की तोंड घालून हुडकत बसायचं. केशवरावांना ह्याची शिसारी यायची. त्यांच्याकडं प्रत्येक फोटोला, प्रत्येक मेसेजला वर्ग होता. ए वर्ग म्हणजे कायमचं : आधार, घराचा उतारा, जन्माचे दाखले. बी वर्ग तीस वर्षं : दवाखान्याचे रिपोर्ट, तक्रारी, त्यांचे पुरावे. सी वर्ग दहा वर्षं : बिलं, लग्नाकार्याचे फोटो. आणि डी वर्ग म्हणजे किरकोळ. वर्षभर ठेवायचं आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी अंघोळ करून, चहा घेऊन, नष्ट करायचं. नष्ट केल्याची यादी मात्र ठेवायची, कायमची, ए वर्गात. "फेकल्याशिवाय सापडत न्हाय," असं ते सगळ्यांना सांगायचे, आणि भावकीतली माणसं आपापले भरलेले मोबाइल घेऊन त्यांच्याकडं यायची. तासाभरात रिकामा करून द्यायचे. नावाजलेलं काम होतं ते.

बायको विद्युल्लता ह्याच्या बरोब्बर उलट. निपाणीची लेक, दिलखुलास, आणि आवाज असा की ज्याचं नाव ते. वडगावात सासर. शेजारी डाव्या अंगाला यंत्रमाग, उजव्या अंगाला यंत्रमाग, सकाळपासनं खडखडाट. इथल्या बायका मोठ्यानंच बोलतात, पण विद्युल्लता बोलली की मागवाला माग थांबवून विचारायचा, "काय म्हणालासा वैनी?" तिला मोबाइलवर टाइप करायचा कंटाळा. केशवराव कचेरीत असले की ती बोलून निरोप धाडायची. तीन-तीन मिनिटांचे निरोप. मांजर कुठं व्याली, समोरच्या मनुबाईंच्या सुनेनं काय केलं, आईचा निपाणीहून फोन आलता ती काय म्हणाली, आणि शेवटच्या चार सेकंदांत, "येताना कोथिंबीर आणा." केशवराव त्यातलं शेवटचं तेवढं ऐकायचे. अंदाजानं पुढं सरकवायचे आणि कोथिंबीर आणायचे.

दोन वर्षांपूर्वी ते रिटायर झाले. माणूस समोरच बसलेला, मग निरोप कशाला धाडायचा? ती समोरासमोर बोलायला लागली.

मागच्या वर्षी गणपतीत तिचा घसा बसला. आरत्या म्हणून बसला असेल, म्हणून काढे झाले, हळद-दूध झालं. दिवाळीपर्यंत आवाज पार खरखरीत झाला, गाळात चाक फिरावं तसा. तपासणी झाली आणि डॉक्टरांनी केशवरावांना एकट्यालाच आत बोलावलं. स्वरयंत्र काढावं लागणार. जीव वाचेल, आवाज जाईल, गळ्याला भोक राहील, श्वास तिथनं घ्यायचा.

बेंगळुरूला नोकरीला असलेली लेक भैरवी ऑपरेशनच्या आधी दोनदा फोनवर म्हणाली होती, "आप्पा, आईचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा." केशवराव म्हणाले, "आता ह्या खरखरीचं काय करायचं? जुना चांगला आवाज आहे की माझ्याकडं. शेकड्यानं मेसेज आहेत." हे त्यांनी न बघता सांगितलं. ज्या माणसानं आयुष्यात कागद डोळ्यानं बघितल्याशिवाय 'आहे' म्हटलं नाही, त्यानं ह्या एका ठिकाणी म्हटलं. जानेवारीत ऑपरेशन झालं.

आता विद्युल्लतेची आई, निपाणीच्या यशोदाबाई. वय शहाऐंशी. उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला. साखरेच्या आजारानं डोळे नेले, मग बोटांची जाणही नेली, गरम तांब्या हातात दिला तरी कळत नाही. कान तेवढे शाबूत राहिले, ते मात्र पाखरासारखे तिखट. रोज दुपारी चारला लेकीचा फोन. बत्तीस वर्षांत चुकला नव्हता. आधी शेजारच्या दुकानात यायचा, मग घरात. म्हातारी साडेतीनपासनंच उशाशी फोन घेऊन बसायची. सांभाळायला ठेवलेली मालुबाई म्हणायची, "जेवण चुकलं तर चालतंय म्हातारीला, फोन चुकलेला चालत न्हाय."

तो फोन जानेवारीपासनं बंद झाला. पहिल्यांदा सांगितलं, तिचा मोबाइल बिघडलाय. मग सांगितलं, घसा बसलाय. "किती दिवस बसतोय घसा? गुळण्या करा म्हणावं." शेवटी फेब्रुवारीत केशवरावांनी खरं ते सांगून टाकलं. पलीकडं म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माणूस जातंय. आवाज एकटाच कुठं जातोय, जावईबापू?" आणि त्या दिवसापासनं तिनं अन्न कमी केलं. दोन घास खायची आणि ताट सरकवायची. मालुबाईनं फोन करून सांगितलं, "तिला वाटतंय विद्याक्का गेली आणि तुमी झाकून ठेवलंय. असंच चाललं तर आखाडी बघायची न्हाय ती."

गळ्याला लावायचं एक यंत्र दवाखान्यातनं मिळालं होतं. पण किरणं देऊन विद्युल्लतेचा गळा घट्ट लाकूड झालेला, त्यातनं नुसती घूं घूं निघायची. तेव्हा भैरवीनं मार्ग काढला. म्हणाली, "आप्पा, आता असं सॉफ्टवेअर आलंय, आईचा जुना आवाज दोन-तीन मिनिटं मिळाला तरी बास. आपण लिहू ते आईच्या आवाजात बोलतं. आजीला रोज फोन करता येईल. तेवढे मेसेज पाठवा."

केशवरावांच्या जिवात जीव आला. शोधायचं काम, म्हणजे आपलं काम. "पाच मिनिटांत पाठवतो," म्हणाले, चष्मा पुसला आणि कॉम्प्युटरसमोर बसले. विद्युल्लता शेजारी खुर्ची ओढून बसली. तिच्या हातात ती पोरांची पाटी होती, लिहायचं आणि बटण दाबलं की सगळं पुसलं जातं, तसली. बोलायचं ते ती आता त्याच्यावर लिहायची.

त्यांनी सूची उघडली. 'विद्या' टाइप केलं. तिचे रिपोर्ट आले, बी वर्ग. आधार आलं, ए वर्ग. मग आवाजी निरोपांची ओळ आली आणि केशवरावांचा हात माउसवरच थांबला. ती ओळ नाशयादीतली होती. व्हॉइस मेसेज, एकूण सहाशे बारा. वर्ग डी. शेवटचे निरोप एप्रिलमध्ये नष्ट, मागच्या वर्षी, पहिल्या रविवारी. खाली त्यांचीच सही, 'के'.

यादी मात्र देखणी होती. प्रत्येक निरोपाची तारीख, वेळ, लांबी, विषय. विषय : कोथिंबीर. विषय : गॅसवाला आला नाही. विषय : आईचा फोन. विषय : मनुबाई. आणि पानंच्या पानं, एकाखाली एक, विषय : उगाच. विषय : उगाच. विषय : उगाच.

विद्युल्लतेनं वाचलं. पाटीवर लिहिलं, "सगळे?"

केशवरावांनी मान हलवली.

तिनं बटण दाबून ते पुसलं.  मग लिहिलं, "ऐकले तरी होते का?"

आता खोटं बोलायला काय हरकत होती? पण चौतीस वर्षांत त्यांनी नोंदीत खाडाखोड केली नव्हती. "शेवटचं तेवढं ऐकायचो," ते म्हणाले, "कोथिंबिरीपुरतं." विद्युल्लता उठली आणि कपडे काढायला गच्चीवर गेली. त्या दिवशी तिनं पाटी परत हातात घेतली नाही.

त्यानंतर केशवरावांनी जे हुडकायला घेतलं, ते बघवत नव्हतं. भैरवीच्या मोबाइलमध्ये असतील म्हणावं, तर दोन दिवाळ्यांपूर्वी ती सुट्टीला आली तेव्हा ह्यांनीच तिचा मोबाइल साफ करून दिलेला. विद्युल्लतेच्या जावेकडं असतील? तिचाही ह्यांनीच केलेला. हळदीकुंकवाच्या ग्रुपवर? तिथं सात दिवसांनी मेसेज आपोआप पुसले जायची सोय ह्यांनीच करून दिली होती, आणि बायकांनी तेव्हा कौतुक केलं होतं. बॅकअप ठेवलेला नव्हता. 'एका कागदाच्या दोन प्रती ठेवणारा कारकून दोन्ही हरवतो', हे वाक्य त्यांनी स्वतःच दहा जणांना ऐकवलेलं. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं गेले. तो पोरगेला माणूस त्यांना ओळखत होता. म्हणाला, "काका, तुमी पुसून वर दुसरं भरलासा. नुसतं पुसलं असतं तर कायतरी आलं असतं. तुमचं काम लई पक्कं." आपल्या हातानं पायावर धोंडा म्हणतात, पण धोंडा पाडणारासुद्धा इतकं मोजून पाडत नाही.

भावकीतल्या लग्नांचे व्हिडिओ होते, सी वर्गात. त्यात विद्युल्लता दिसत होती, हसत होती, तोंड हलत होतं, आणि वर शूटिंगवाल्यानं सनई लावलेली. ती एकेक फीत ते डोळे फाडून बघत बसले. ती काय म्हणतेय ते ओठांवरनं कळतंय का, बघत बसले.

पाचव्या दिवशी सापडलं. बी वर्ग, विषय : स्लॅबची गळती, कंत्राटदाराविरुद्ध पुरावा. तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ. छताचा ओला डाग, केशवरावांचं बोट, आणि पाठीमागनं विद्युल्लता ठणठणीत आवाजात, "हितनं पण गळतंय बघा, हितनं पण." चार सेकंद. शेजारचा माग चालूच. बस्स, एवढंच. बत्तीस वर्षांच्या संसारात बायकोचं बोलणं त्यांनी जपलं ते एवढंच, आणि तेही कंत्राटदारासाठी.

ते त्यांनी पुन्हा पुन्हा लावलं. आठव्या की नवव्या वेळेला विद्युल्लता स्वयंपाकघरातनं आली, त्यांच्या हातातनं मोबाइल घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

भैरवी म्हणाली चार सेकंद फार कमी आहेत, पण करून बघते. दोन दिवसांनी तिनं पाठवलं. "आई, मी विद्या बोलते आहे. तू बरी आहेस ना? जेवण वेळेवर करत जा." आवाजाला विद्युल्लतेची धार होती, नाही असं नाही. पण बोलणं बातम्या देणाऱ्या बाईचं. निपाणीची बाई आईला कधी 'बोलते आहे' म्हणते का? 'बोलतिया' लिहून बघितलं तर यंत्र अडखळायचं. आणि शब्दाशब्दामागं बारीक खडखड, मागाची, तीही त्यानं आवाजाचाच भाग म्हणून उचललेली. विद्युल्लतेनं पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "नको." भैरवी फोनवरनं म्हणाली, "आई, आजी जेवत नाही गं. एकदा लावून तर बघू." केशवरावांनाही वाटलं, म्हातारं माणूस आहे, तेवढ्यानं समाधान होईल. विद्युल्लता मान हलवत राहिली आणि दोघांनी तिचं ऐकलं नाही.

चार वाजता भैरवीनं बेंगळुरूहून लावलं, हे दोघंही त्याच फोनवर जोडलेले. पहिल्याच रिंगला उचललं गेलं. यंत्रानं आपलं वाक्य म्हटलं.  म्हातारीनं पलीकडनं विचारलं, "विद्या, काल रातच्याला माझ्या सपनात कोण आलतं, सांग बघू?" आता ह्याला काय उत्तर द्यायचं? भैरवी घाईघाईनं काहीतरी टाइप करायला लागली. उत्तर तयार व्हायला पंधरावीस सेकंद लागायचे. एवढा वेळ विद्युल्लता आयुष्यात कधी गप्प बसली नव्हती. "ही कोण बाई आणलायसा?" यशोदाबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मालुबाईचा फोन आला. म्हातारीनं पाणीसुद्धा टाकलंय. तेव्हा विद्युल्लतेनंच लिहिलं, "मला घेऊन चला." आतापर्यंत डॉक्टरांनी धुळीत प्रवास नको म्हटलेला, म्हणून गेले नव्हते. तिनं गळ्याभोवती ओला पातळ रुमाल बांधला आणि दोघं एसटीत बसली. संकेश्वरच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांमागं गाडी रांगत होती, आणि खिडकीतनं धूर आला की विद्युल्लता गळ्यावर हात दाबून धरायची. अठरा किलो वजन उतरलेलं. बांगड्या मनगटातनं कोपरापर्यंत खाली-वर व्हायच्या. आईपुढं गेलं की मिटलंच सगळं, असं केशवराव मनाला सांगत होते. प्रत्यक्ष माणूस समोर उभं केल्यावर पुरावा कसला लागतोय?

यशोदाबाई सोप्यात बाजेवर बसल्या होत्या.

"आई, मी केशव."

"या, जावईबापू. संगं कोण हाय?"

"विद्या आलीया."

म्हातारीनं तोंड त्या दिशेला केलं. "विद्या आली असती तर गल्लीच्या तोंडापासनं हाका मारत आली असती."

विद्युल्लता पुढं झाली, आईच्या पायाशी बसली आणि तिनं आईचा हात उचलून आपल्या गालावर ठेवला. बोटं गालावरनं फिरली, हनुवटीवरनं फिरली. त्या बोटांना काय कळणार होतं? हात मनगटावर आला आणि सैल बांगड्या खळखळत कोपराकडं गेल्या. "ही हाडं," यशोदाबाई म्हणाल्या. "माझी विद्या अंगानं भरल्याली." आणि हात काढून घेतला.

"अगं म्हातारे, खरंच विद्याक्का हाय," मालुबाई म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी बघतिया की."

"तू त्यांचं मीठ खातीस."

विद्युल्लतेनं पाटी काढली, भराभर लिहिलं आणि केशवरावांपुढं धरली. त्यांनी वाचलं, "आई, तू मला वखारीत झोळीत टाकून काम करायचीस. ठसका लागला की गूळ द्यायचीस."

"ते मीच तुमास्नी सांगितलंय," यशोदाबाई शांतपणे म्हणाल्या. "लगीन ठरलं तवा. वाचणार तुमी, बोलणार तुमी. तिचं सगळं तुमास्नी ठावं हायच की. इतकी वरसं ती बोलली आणि तुमी ऐकलासा."

विद्युल्लतेनं बटण दाबून पाटी पुसली.

"कधी गेली, तेवढं सांगा. दिवस सांगा. मी रागावत न्हाय. दुसरी केलासा, तेबी बरं केलासा. बापय माणसाला ह्या वयात एकटं ऱ्हावत न्हाय. पर माझी लेक म्हणून दुसरीला माझ्यापुढं बसवू नगासा. त्या फोननं माझं काळीज फाटलं." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मालू, तिचा काय दोष गं ह्यात? माझ्या दारात आलीया. खण काढ, नारळ काढ. तशीच धाडायची न्हाय."

मालुबाई डोळे पुसत आत गेली आणि सगळं घेऊन आली. यशोदाबाईंनी चाचपत ओंजळीत तांदूळ घेतले. निम्मे खालीच सांडले. विद्युल्लतेनं पदर पसरला.

"ओटी भरतिया बाई तुझी. सुखानं नांद. माझ्या लेकीचा टाक करून देवात ठेव, सणासुदीला निवद दाखव. लई बोलायची ती. फोन म्हणून ठेवायची न्हाय. मी म्हणायची, ठेव गं बाई आता, जेवायचं हाय मला." त्या थांबल्या. "नाव काय तुझं?"

विद्युल्लतेच्या गळ्यातल्या रुमालामागं श्वास वर-खाली होत होता. तिनं पाटी मांडीवर घेतली, हळूहळू लिहिलं आणि केशवरावांकडं वळवली. त्यांनी वाचलं. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी तिच्याकडं बघितलं. तिनं मान हलवली आणि पाटी आणखी पुढं केली. तिच्यावर लिहिलं होतं, "दुसरं कुठलं तरी नाव सांगा. निदान रडून मोकळी होईल, जेवेल."

"नीलम," केशवराव म्हणाले.

"नीलम," यशोदाबाई म्हणाल्या. "चांगलं हाय."

आणि मग त्या मोठ्यानं रडायला लागल्या, लेकीचं नाव घेऊन, तिचा एकेक गुण सांगत, मेलेल्या माणसासाठी रडतात तशा. मालुबाईनं पाणी आणलं. विद्युल्लता बाजेवर आईच्या शेजारी बसली आणि तिच्या पाठीवरनं हात फिरवत राहिली.